पन्नास वर्षं कोणाच्या गाडीला परवडतात?

पन्नास वर्षं. केंद्र सरकारच्या लेखी गाडी ‘विंटेज’ व्हायला एवढा काळ लागतो. १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती जाहीर झाली, तिने या शब्दाची व्याख्याच करून टाकली. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी. मूळ रूपात राखलेली. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाचे ५,०००. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची. भाजी आणायला न्यायची नाही.

नियम आला तेव्हा गाडीवेड्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांचा जुना नंबर टिकणार होता, कागदपत्रांचा घोळ कमी होणार होता, त्यामुळे टाळ्या चुकीच्या नव्हत्या. माझं भांडण पन्नासाव्या वर्षानंतर काय होतं याच्याशी नाही. त्याच्या अलीकडे काय होतं, याच्याशी आहे.

आमच्या वर्ध्याच्या घरी १९९४ सालची चेतक आहे. एमएच-३२. बाबांनी ती जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असताना घेतली आणि सेलू तालुक्यातल्या चार शाळा तिच्यावरून केल्या. आता तिचा हिशोब मांडतो, कारण हा सगळा लेख त्या हिशोबावर उभा आहे. पंधरा वर्षांची पहिली नोंदणी २००९ला संपली. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २०१४, २०१९, २०२४. पुढचं २०२९, मग २०३४, २०३९. आणि २०४४ साली, बाबा ऐंशीचे होतील तेव्हा, हीच स्कूटर एका सकाळी वारसा होऊन उठेल.

तोवर ती काय आहे? कायद्याच्या भाषेत नकोशी. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ३०० रुपयांवरून १,००० झालं, कारचं ६०० वरून ५,०००. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वरची पायरी आली: दुचाकीला २,०००, तीनचाकीला ५,०००, कारला १०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि आता एचएसआरपीची नंबरप्लेट. शहरात कॉफी पिणाऱ्या माणसाला दोन हजार म्हणजे काहीच नाही. पण ज्या स्कूटरला भंगारवाला दारात येऊन जेमतेम तेवढेच पैसे देतो, तिच्या मालकाला प्रत्येक पाच वर्षांनी एकच प्रश्न विचारला जातो: देऊन टाकता, की अजून एकदा विकत घेता?

म्हणजे पंधराव्या वर्षी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत गाडी कोणाच्या दारात तग धरू शकते? ज्याच्याकडे रिकामं गॅरेज आहे त्याच्या. ज्याच्याकडे गाडी विकून मुलीची फी भरायची वेळ येत नाही त्याच्या. तेव्हा २०४४च्या रॅलीत कोणत्या गाड्या दिसतील हे आजच सांगता येतं, आणि त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. महाराजांच्या रोल्स-रॉइस तेव्हाही असतील. त्या कधी संकटात नव्हत्याच.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे जुन्या पण चालत्या कोडला ‘लेगसी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ वारसा, पण उच्चारायचा मात्र नाक मुरडून. सरकारने गाड्यांच्या बाबतीत निदान हे दोन अर्थ वेगवेगळ्या वयोगटांना वाटून दिले आहेत.

आता वर्ध्याबद्दल. हा विषय मुंबई-पुण्याचा आहे, कापूस-सोयाबीनवाल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. या देशात दुचाकी-तीनचाकीचा जो काही इतिहास आहे, त्याचं मूळगाव वर्धा आहे. बजाज घराण्याची पेढी इथली. जमनालाल बजाज राजस्थानातल्या सीकरजवळ जन्मले आणि वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. १९४५ साली जी कंपनी स्थापन झाली आणि पुढे बजाज ऑटो झाली, तिचं पहिलं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. आधी आयात केलेल्या स्कूटर-रिक्षा विकायच्या, मग १९५९मध्ये उत्पादनाचा परवाना, पियाज्योशी करार, आकुर्डीला कारखाना. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. लायसन्स राजच्या दिवसांत तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. नंबर आधी लागला की आधी मूल झालं, यावर घराघरांत विनोद व्हायचे.

आणि तिच्या आठवणी सगळ्या गोड नाहीत, हेही लिहून ठेवू. जुन्या गाड्यांवर लिहिणारे लोक हा भाग सोयीस्करपणे गाळतात. चेतक हुंड्यात मागितली जायची. ‘मुलाला स्कूटर’ हे लग्नाच्या बैठकीतलं ठरलेलं वाक्य होतं. कित्येक मुलींच्या बापांनी त्या स्कूटरचे हप्ते फेडले आणि ती चालवायला मात्र मुलीला कधी मिळाली नाही. मुलींच्या हातात पहिल्यांदा आली ती लुना. पन्नास सीसीची, पायडल मारून सुरू होणारी, जिला कोणी गंभीरपणे गाडी म्हणायला तयार नव्हतं. गावोगावच्या नर्सबाई, बालवाडीच्या ताई, पोस्टात काम करणाऱ्या मावश्या लुनावरून कामाला गेल्या. स्त्रियांच्या हालचालीचा इतिहास लिहायचा तर त्या लुनांना वगळून कसा लिहिणार? पण रॅलीत लुना आली तर लोक हसतात.

वर्ध्याची सर्वांत प्रसिद्ध मोटार मात्र याहून जुनी आहे, आणि तिला इंजिनच नव्हतं.

गांधीजी १९३६मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ती काळी माती ज्याने पाहिली नाही त्याला सांगतो, तिच्यात चप्पल अडकली की चप्पल तिथेच राहते, पाय पुढे येतो. गांधीजी पायी चालणारे, पण वय झालेलं, तब्येत नाजूक. तेव्हा जमनालालजींकडच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपायची सोय करण्यात आली आणि तिचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. ऑक्स म्हणजे बैल, बाकीची फोर्ड. हा किस्सा वर्ध्यात लहानपणापासून कानावर पडतो. आम्ही तो विनोद म्हणून ऐकला. मी मात्र अलीकडे तो तांत्रिक नोंद म्हणून वाचतो. इंजिनाला पेट्रोल, पेट्रोलला पैसा, गाडीला रस्ता लागतो. यांतलं काही नसेल तर त्याच गाडीतून उरतं काय? चांगलं सस्पेन्शन, हवेची चाकं, बसायला गादी. म्हणजे बैलगाडीला जे नसतं ते सगळं. कोणीतरी हे ओळखलं आणि जोडून टाकलं.

आता ही ‘ऑक्सफर्ड’ २०२१च्या नियमासमोर उभी करा. वय पन्नासच्या कितीतरी वर. पण ‘मूळ रूपात राखलेली’? ‘इंजिनात मोठा फेरफार नाही’? अर्ज फेटाळला जाईल. देशातल्या मोटारींत जिची गोष्ट सर्वांत देशी, ती या व्याख्येत बसत नाही. बसते ती महाराजांनी विलायतेहून मागवलेली, गॅरेजात झाकून ठेवलेली आणि वर्षातून दोनदा बाहेर काढलेली गाडी.

यातून माझा दुसरा आणि मोठा आक्षेप निघतो. ‘मूळ रूप’ ही कल्पनाच श्रीमंताच्या सोयीची आहे. जी गाडी वापरली जाते तिचं मूळ रूप राहत नाही. आमच्या चेतकची सीट तीनदा शिवली गेली, दर वेळी वेगळ्या रेक्झिनची. मागे गव्हाचं पोतं बसावं म्हणून लोखंडी कॅरिअर वेल्ड केलं आहे. एका बाजूचं झाकण दुसऱ्या गाडीचं आहे, रंग किंचित वेगळा. कार्बोरेटर कितव्यांदा बदलला हे बाबांनाही आठवत नाही. संग्राहकाच्या नजरेत हे सगळे दोष आहेत. माझ्या नजरेत ती तिची नोंदवही आहे. ती फॅक्टरीतून निघाली तशी करून घ्यायची म्हणजे तीस वर्षांचं लिखाण खोडून पहिलं कोरं पान परत चिकटवायचं.

वर्धा-यवतमाळ-अमरावतीकडे शेतात फिरलात तर याहून पुढची गोष्ट दिसेल. जुन्या दुचाकीला मागे डवरा जोडून कपाशी-सोयाबीनच्या ओळींत डवरणी करणारे शेतकरी. मागचं चाक काढून लोखंडी चाकं, चेन मोठी, खाली पासा. बैलजोडी पाळणं परवडेनासं झालं, चारा महाग, गडी मिळत नाही, म्हणून गावच्या वेल्डरने हे करून दिलं. एकोणीसशे तीसच्या दशकात मोटार परवडत नव्हती म्हणून मोटारीला बैल जुंपले. आज बैल परवडत नाही म्हणून बैलाच्या जागी मोटारसायकल जुंपली. ऐंशी-नव्वद वर्षांत एकाच जिल्ह्यात हे वर्तुळ पूर्ण झालं, आणि याची नोंद कोणत्याही क्लासिक गाड्यांच्या पुस्तकात होणार नाही. कारण डवऱ्याला क्रोम नसतं.

पुढचा भाग माझ्याच जातकुळीच्या लोकांबद्दल आहे, म्हणजे जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या पोरांबद्दल. अलीकडे एक नवा छंद निघाला आहे. शनिवारी-रविवारी खेड्यांत फिरायचं, गोठ्यात-पडवीत धूळ खाणारी लॅम्ब्रेटा, येझदी, राजदूत शोधायची, म्हाताऱ्या मालकाच्या हातात थोडे पैसे ठेवायचे आणि टेम्पोत टाकून शहरात आणायची. मग फोटो: ‘सापडली!’ अरे, सापडली म्हणजे? ती हरवली होती का? तिच्या मालकाला ती कुठे आहे हे रोज सकाळी शेण काढताना दिसत होतं. त्याला फक्त हे माहीत नव्हतं की रंग देऊन, इंजिन खोलून तीच गाडी पुण्यात कितीपट किमतीला जाते. आरएक्स १००चं तर काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघालेली शंभर सीसीची गाडी, आज तिच्यासाठी लोक नव्या गाडीचे पैसे मोजतात. कायद्याने ती विंटेज व्हायला अजून वेळ आहे; इन्स्टाग्रामने तिला केव्हाच करून टाकलं.

यात सगळेच व्यापारी नाहीत, हे मान्य. काही जण खरोखर जीव लावून गाडी वाचवतात. पण गाडी वाचते आणि गोष्ट मरते, याकडे कोणाचंच लक्ष नाही. कोणी घेतली, का घेतली, कशावर कर्ज काढलं, पहिल्या दिवशी नारळ कुठे फोडला, हे सगळं त्या पडवीतच राहतं. ज्या माणसाने ती गाडी तीस वर्षं चालती ठेवली त्याचं नाव रॅलीच्या फलकावर कधी पाहिलंय? तिथे मालकाचं नाव असतं, गाडीचं वर्ष असतं, क्षमता असते. मिस्त्रीचं नाव नसतं.

आर्वी नाक्याकडे एक मिस्त्री आहेत, दोन-स्ट्रोकचे उस्ताद. स्टँडवर लावून आवाज ऐकतात आणि पॉइंटचा गॅप किती आहे हे सांगतात. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. सुटे भाग मिळतात का, असं मी त्यांना मागच्या दिवाळीत विचारलं. ते म्हणाले, ‘‘पॉइंट भेटते, कंडेन्सर भेटते, क्लच प्लेट भेटते. पोट्टा भेटत नाही शिकाले.’’ ही खरी मरणासन्न गोष्ट आहे. लोखंड पन्नास वर्षं राखता येईल, पण कानाचं काय करणार?

आता समोरच्या बाजूचं ऐकू. जुन्या गाड्या धूर ओकतात. खरं आहे. दोन-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेल जाळतं आणि काही इंधन न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. चेतकच्या मागे उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मी त्या धुराचा बचाव करणार नाही, आणि ‘आमच्या काळी हवा शुद्ध होती’ छापाचं रडगाणंही गाणार नाही. पण धूर गाडीच्या वयातून निघत नाही, ती किती चालते यातून निघतो. आठवड्यातून एकदा बजाज चौकापर्यंत जाऊन येणारी स्कूटर आणि रोज चाळीस किलोमीटर दूध वाहणारी मोटारसायकल, दोघींना एकच शुल्क लावणं हे पर्यावरणाचं धोरण नाही. ती वयोमर्यादा आहे.

आणि दूधवाल्याचंही बघा. तो जुनी गाडी हौसेने चालवत नाही. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून चालवतो. त्याच्याकडून जास्त शुल्क घेतल्याने त्याची ऐपत वाढते का? गाडी भंगारात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीला सवलत मिळते. छान. म्हणजे सवलत मिळवण्यासाठी आधी नवी गाडी घेण्याइतके पैसे हवेत. ही मदत ज्याला गरज नाही त्याच्यासाठी बेतलेली आहे. गरिबाची रोजची जुनी गाडी आणि कुटुंबाची आठवणीची जुनी गाडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धोरणाने दोन्हींचं उत्तर एकाच पावतीत दिलं.

दुसरीकडे काय करतात? जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फीव्हा’ ऐतिहासिक वाहन म्हणते ते किमान तीस वर्षांच्या गाडीला. जर्मनीत तीस वर्षांनंतर नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. हे देश प्रदूषणाबाबत आपल्यापेक्षा ढिले आहेत, असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी फक्त हे ओळखलं की पन्नास वर्षं थांबलं तर राजवाड्यातलं सोडून काही उरत नाही.

ब्रिटनचं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. दर नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला १९०५च्या आधी बनलेल्या गाड्यांची फेरी निघते. वेगाची शर्यत नाही. पोचलं म्हणजे झालं. ती कशाची आठवण आहे, माहितेय? १८९६ साली ब्रिटनमध्ये जो कायदा आला त्याची. त्याआधी रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनाच्या पुढे एक माणूस चालवणं सक्तीचं होतं. ती सक्ती गेली, वेगमर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली, आणि लोकांनी गाड्या काढून ब्रायटन गाठलं. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला जुन्या गाड्यांचा सोहळा मुळात एका मूर्ख नियमाच्या अंत्यविधीचा आहे. आपल्याकडेही असा एखादा सोहळा व्हायला हरकत नाही; मूर्ख नियमांचा साठा भरपूर आहे.

शर्यतीचा विषय निघालाच आहे तर विदर्भाची शर्यत कोणती हेही बोलू. मोटार शर्यतींच्या जुन्या आठवणी काढणारे लोक शोलावरमची नावं घेतात: मद्रासजवळची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी, गोंडलचे महाराज, विजय मल्ल्या, आणि ट्यून केलेल्या फियाट. आमच्याकडे धावपट्टी नव्हती. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात स्लो-स्कूटर स्पर्धा व्हायची, पाय न टेकवता जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. क्लच आणि ब्रेकवर एवढं नियंत्रण लागायचं की मला आजही ती खऱ्या शर्यतीपेक्षा अवघड वाटते. पण विदर्भाची खरी शर्यत म्हणजे शंकरपट. दोन बैल, हलका छकडा, घड्याळाशी झुंज.

२०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. तेव्हा राज्याने काय केलं? २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, वर्षानुवर्षं वकील उभे केले, डिसेंबर २०२१मध्ये अंतरिम परवानगी मिळवली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाकडून ती दुरुस्ती वैध ठरवून घेतली. बैलांच्या बाजूने आणि विरोधात काय युक्तिवाद होते तो वेगळा विषय; मला इथे एवढंच दाखवायचं आहे की एखादी गोष्ट ‘आपली संस्कृती’ आहे असं सरकारला वाटलं की ते कायदा बदलतं, दिल्लीपर्यंत लढतं. चेतक, लुना, राजदूत, काळी-पिवळी यांच्याबद्दल तसं वाटत नाही, कारण त्यांच्यामागे मतांचा पट भरत नाही.

काळी-पिवळी म्हटल्यावर मुंबईचे वाचक टॅक्सीकडे जातील. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा, शेवटच्या गाडीची नोंदणी ऑक्टोबर २००३ची, त्यामुळे तारीख आधीपासून ठरलेली होती. तरीही केवढे लेख, केवढे फोटो, केवढे उसासे! मलाही वाईट वाटलं. पण आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे जीप. पुढे चार, मागे आठ, टपावर आणखी, आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा कंडक्टर पोरगा. हिंगणघाट, समुद्रपूर, कारंजा, आष्टी, जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची तिथे बाळंतीण दवाखान्यात याच जीपने पोचली. ती कधी बंद झाली याची तारीख तुम्हाला कोणी सांगू शकणार नाही. एक-एक करून गेल्या, कोणी निरोप दिला नाही. आणि समजा एखाद्या मालकाने ती जपून ठेवली, तरी विंटेजच्या नियमात तिला जागा नाही. व्यावसायिक. बजाजची जुनी रिक्षाही नाही, तीनचाकी. ट्रॅक्टर नाही, मिनीडोअर नाही. ज्या गाड्यांनी लोकांना वाहिलं त्या सगळ्या बाहेर, ज्यांनी मालकाला मिरवलं त्या आत.

आता आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. येळाकेळीला चढा आणि ताशी १२० ने निघा. त्यावर दुचाकीला परवानगी नाही, तीनचाकीलाही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, मी स्वतः तिथे स्कूटर घालणार नाही. पण ज्या गावाच्या पेढीतून देशाला दुचाकी आणि तीनचाकी मिळाली, त्याच्या शेतांवरून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या रस्त्यावर या दोघींनाच बंदी आहे, हे वर्ध्याच्या माणसाला हसू आणणारं आहे. राजा हो, आम्ही खालून जातो.

मागण्या साध्या आहेत. पन्नासचे तीस करा. तीनचाकी, व्यावसायिक गाड्या, शेतीची वाहनं आत घ्या. वर्षाला अमुक किलोमीटरची मर्यादा घालून कमी शुल्काचा एक वेगळा परवाना द्या. ओडोमीटर बघायला निरीक्षकाला एक मिनिट लागतं. ‘मूळ रूप’ या अटीऐवजी ‘नोंद असलेले बदल’ अशी अट ठेवा, म्हणजे वेल्ड केलेलं कॅरिअर हा गुन्हा राहणार नाही. आरटीओंत पडून असलेल्या जुन्या नोंदवह्या, हाताने लिहिलेल्या, भंगारात जाण्याआधी स्कॅन करा. कोणत्या तालुक्यात कोणत्या साली किती मोटारसायकली आल्या, कोणाच्या नावावर आल्या, याचा इतिहास तिथे आहे, दुसरीकडे कुठेही नाही. यातलं एकही काम अशक्य नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, खेड्यापाड्यांतल्या रेल्वेची छोटी इंजिनं तिथे नीट ठेवली आहेत. म्हणजे साध्या वाहनांची आठवण जपायची कशी, हे सरकारी खात्याला येतं. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे. रणगाड्याला जागा होते, तर रिक्षाला होईल.

जागाही सुचवतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभं केलं, १९३८मध्ये तिथेच मगन संग्रहालय सुरू झालं. घाणी, चक्की, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, असे प्रयोग त्या आवारात झाले. कुमारप्पांना स्कूटर आवडली नसती, याची मला जवळजवळ खात्री आहे; पेट्रोलसारख्या संपणाऱ्या गोष्टीवर उभं राहिलेलं सगळंच त्यांना खटकत होतं, आणि टिकाऊपणाच्या अर्थव्यवस्थेवर त्यांनी पुस्तकच लिहिलं. पण तीस वर्षं गावच्या मिस्त्रीने, गावच्या हत्यारांनी, गावात मिळणाऱ्या भागांनी चालती ठेवलेली चेतक त्यांच्यासमोर नेऊन उभी केली असती, आणि शेजारी बॅटरी गेली की कंपनीच्या ॲपशिवाय न उघडणारी आजची दुचाकी उभी केली असती, तर त्यांनी आधी कोणत्या गाडीशेजारी वाकून बघितलं असतं, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तुमच्या घरी अशी एखादी असेल तर कायदा बदलायची वाट बघू नका. आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, त्या मागच्या पानांचेही, जिथे हप्त्याची बोजा-नोंद आणि ती उतरवल्याचा शिक्का असतो. इंजिन नंबर आणि चासी नंबर खरडून कागदावर उतरवून घ्या. गाडी कोणी दुरुस्त केली त्यांच्याकडे जाऊन बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, आणि त्यांना पॉइंट कसे लावायचे ते विचारा. आमच्या मिस्त्रींचं तसं रेकॉर्डिंग माझ्याकडे एक्केचाळीस मिनिटांचं आहे. त्यातली दहा मिनिटं ते एका राजदूतवाल्याला शिव्या देत आहेत, ज्याने पेट्रोलमध्ये तेल घालायचं विसरून पिस्टन जाम केला होता. ती दहा मिनिटं मी कापलेली नाहीत.